मोराला राष्ट्रीय पक्षी कुणी केले?

गेल्या वर्षी गणपतीच्या मखराची तयारी चालू असताना आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. मखराच्या दोन बाजूंना दरवर्षीप्रमाणे पुठ्ठ्याचे दोन मोर लावायचे होते. व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतला नातू ते काम बघत होता. तो म्हणाला, "आजोबा, आमच्या शाळेत सांगितलं की इथल्या गरुडाचा कायदा झाला. आता तो खरोखरचा राष्ट्रीय पक्षी आहे. आपल्या मोराचा कायदा कधी झाला?"

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. मोर राष्ट्रीय पक्षी आहे हे आम्ही शाळेत पाठ केले होते. पण कुणी केले, कधी केले, कोणत्या कायद्याने केले, हे सत्तरी गाठेपर्यंत स्वतःला कधी विचारले नव्हते. मग वर्षभर वाचन केले, जाणत्यांना विचारले. हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय पक्ष्याचा दिसला तरी शेवटी तो आपल्या गावच्या शिवारापर्यंत येतो, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

आधी नातवाचा गरुड पाहू. पांढऱ्या डोक्याचा हा गरुड अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ सालापासून आहे. नाण्यांवर, नोटांवर, लष्करी बिल्ल्यांवर तो सगळीकडे दिसतो. म्हणून सगळे धरून चालले होते की तोच राष्ट्रीय पक्षी. मिनेसोटा राज्यात वबाशा नावाचे एक छोटे गाव आहे, तिथे राष्ट्रीय गरुड केंद्र आहे. त्या केंद्राशी जोडलेल्या एका संग्राहकाने कागद धुंडाळले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की गरुडाला राष्ट्रीय पक्षी ठरवणारा कायदाच नाही. मग पाठपुरावा सुरू झाला. तिथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली. म्हणजे राजमुद्रेवर बसल्यानंतर तब्बल २४२ वर्षांनी गरुडाचे नाव कायद्यात लागले.

पण त्या गोष्टीचा खरा गाभा वेगळा आहे. नाव लागायच्या कितीतरी आधी, १९४० मध्ये, त्या गरुडाला मारण्यास व त्याचा व्यापार करण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेने केला होता. तरीही गरुड कमी होतच गेले, कारण आता बंदुकीच्या जोडीला औषध आले होते. शेतात आणि डासांवर फवारलेले डीडीटी पाण्यात उतरले, पाण्यातून माशांत गेले आणि माशांतून गरुडांत. त्यामुळे मादीच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ होऊ लागली की उबवायला बसल्यावर ती फुटत. १९६३ साली अलास्का सोडून उरलेल्या देशात गरुडांच्या घरटी करणाऱ्या फक्त ४१७ जोड्या मोजल्या गेल्या. १९७२ मध्ये तिथे शेतीतल्या डीडीटीवर बंदी आली. पुढे संख्या हळूहळू वाढली आणि २००७ मध्ये गरुडाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढता आले. नावाचा कायदा आला तो त्यानंतर सतरा वर्षांनी. आधी पक्षी वाचला, मग त्याचा मान झाला.

त्यातले १९६३ हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच वर्षी इकडे आपल्या मोराला मान मिळाला.

मोरासंबंधीची राजाज्ञा शोधू लागले तर आपण थेट सम्राट अशोकापर्यंत जाऊन पोहोचतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या त्याच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशोब आहे. पूर्वी तिथे रोज असंख्य प्राणी मारले जात. आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. पुढे राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने एका स्तंभलेखात अवध्य पशुपक्ष्यांची यादीच कोरून ठेवली. बौद्ध ग्रंथांच्या परंपरेप्रमाणे हा अशोक सम्राट होण्याआधी उज्जयिनीचा सुभेदार होता. म्हणजे मोर न मारण्याचा शब्द दगडावर कोरणारा हा राजा तरुणपणी याच माळव्यात राहिलेला होता. देपालपूरच्या माणसाला याचे थोडे अप्रूप वाटले तर ते चुकीचे म्हणता येणार नाही.

पण माळव्यातला शेतकरी अशोकाचा लेख वाचून मोराला सोडत नव्हता. मोर त्याच्या देवघरातच होता. कार्तिकेयाचे वाहन मोर, सरस्वतीजवळ मोर, कृष्णाच्या मुकुटात मोरपीस. आपल्या मराठी घरांत तर मोर गणपतीबरोबर येतो. गणेशपुराणात गणपतीचे चार अवतार सांगितले आहेत आणि प्रत्येकाचे वाहन निराळे आहे. त्यात त्रेतायुगातला अवतार मयूरेश्वर, त्याचे वाहन मोर. पुणे जिल्ह्यात कऱ्हा नदीकाठचे मोरगाव हे त्याचे स्थान, अष्टविनायकांतले पहिले. तिथल्या मोरेश्वराचे परमभक्त मोरया गोसावी, ज्यांची समाधी चिंचवडला आहे. आपण गल्लीबोळातून ज्या नावाचा गजर करतो ते त्यांचेच नाव, असे मानले जाते. मूर्तीपुढे उंदीर ठेवताना त्या गजरात मोरही दडलेला असतो, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

आणखी पाहिले तर देवावर ढाळायचे मोरचेल मोरपिसांचे, पहाटे दारी येणाऱ्या वासुदेवाची टोपी मोरपिसांची, पैठणीच्या पदरावर मोर, आजीच्या ओटीच्या डब्यावर मोर. आमचे पूर्वज होळकरशाहीत या परगण्यात कुणी कमाविसदार म्हणून, कुणी कारकून म्हणून, कुणी मास्तर म्हणून आले. त्यांनी बरोबर आणलेल्या पेटीत हा मोर होताच. इथे येऊन पाहतात तो इकडच्या शेतकऱ्याच्या बांधावरही मोर आणि त्याला कुणी दगड मारत नाही. भाषा निराळी, पण मोराच्या बाबतीत दोन्ही घरांचे एकमत होते.

आता विसाव्या शतकात येऊ. १९६० मध्ये टोकियोला पक्षिसंरक्षणासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अधिवेशन भरले. प्रत्येक देशाने आपला एक राष्ट्रीय पक्षी निवडावा, म्हणजे लोकांचे लक्ष पक्ष्यांकडे जाईल, अशी सूचना तिथे झाली. भारतात हा प्रश्न भारतीय वन्यजीव मंडळापुढे आला. निसर्गलेखक माधवैया कृष्णन यांनी १९६१ मध्ये या चर्चेविषयी लिहून ठेवले आहे. राष्ट्रीय पक्षी कसा असावा याच्या काही अटी होत्या. तो देशात सर्वदूर आढळावा, सामान्य माणसाला तो ओळखता यावा, चित्रात व चिन्हात तो काढता यावा आणि देशाच्या संस्कृतीशी, कथा-पुराणांशी त्याचे नाते असावे. मोराखेरीज ज्यांची नावे पुढे आली त्यांत सारस, ब्राह्मणी घार, हंस आणि माळढोक हे पक्षी होते.

यातल्या माळढोकाची बाजू घेणारे होते डॉ. सालिम अली. मुंबईत जन्मलेले, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आयुष्य वेचलेले, भारतीय पक्षिशास्त्राचे पितामह. त्यांचे म्हणणे अगदी व्यवहारी होते. मोराला श्रद्धेचे कवच आहेच, त्याला राष्ट्रीय केल्याने त्याचे काही वाढणार नाही. माळढोक मात्र नाहीसा होत चालला आहे, तेव्हा हा मान त्याला द्यावा, म्हणजे देशाचे लक्ष त्याच्याकडे जाईल. मीटरभर उंचीचा, वजनाला पंधरा किलोपर्यंत भरणारा हा भारदस्त पक्षी फक्त उघड्या माळावर राहतो आणि जमिनीवरच बहुधा एकच अंडे घालतो. त्याचे इंग्रजी नाव छापताना एखाद्या अक्षराची चूक झाली तर मोठी पंचाईत होईल, म्हणून तो मागे पडला, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, वरच्या अटी पाहिल्या तर निकाल ठरल्यासारखाच होता. माळढोक कुणाच्या देवळात नव्हता, कुणाच्या पदरावर नव्हता, आणि शहरातल्या माणसाने तो कधी पाहिलेला नव्हता. १९६३ मध्ये केंद्र सरकारने मोराला राष्ट्रीय पक्षी म्हणून स्वीकारले.

आता नातवाच्या प्रश्नाचे उत्तर. मोराला राष्ट्रीय पक्षी ठरवणारा संसदेचा वेगळा कायदा झालेला नाही. तो सरकारचा निर्णय होता. आपल्याकडे राष्ट्रीय चिन्हांची रीत थोडी अशीच आहे. तिरंगा २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीच्या ठरावाने आला. राष्ट्रगीताची घोषणा २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी घटना समितीत केली. ध्वज, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांच्या अवमानाविरुद्ध १९७१ चा कायदा आहे, राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा. पशुपक्ष्यांसाठी असा चिन्हाचा कायदा नाही. आपला राष्ट्रीय प्राणी आधी सिंह होता, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या जागी वाघ आला. सिंहासाठीही संसदेत कायदा झाला नव्हता आणि वाघासाठीही नाही.

मग मोराला कायद्याचे संरक्षण मिळाले ते कधी? ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. त्यातल्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, मोराचे नाव आहे. मोराची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड होऊ शकतो. तिथेही कायदे करणाऱ्यांनी आपल्या घरांतल्या मोरचेलाचा विचार केलेला दिसतो. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटी मोराची पिसे आपोआप गळतात, म्हणून शेपटीच्या पिसांना देशांतर्गत व्यापाराच्या बंदीतून सूट आहे. गरुडाला संरक्षण आधी मिळाले आणि नाव मागाहून. मोराला नाव आधी मिळाले आणि संरक्षण नऊ वर्षांनी.

इथपर्यंत आल्यावर आम्हाला वाटले, गोष्ट संपली. पण वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागली आणि तीच या लेखाचे खरे कारण आहे.

१९७२ च्या त्याच कायद्याच्या त्याच पहिल्या अनुसूचीत माळढोकाचेही नाव आहे. कायदा एक, शिक्षा एक, देशही एक. १९६९ च्या सुमारास देशात माळढोक १,२६० च्या आसपास असावेत असा अंदाज होता. आज ते दीडशेच्याही खाली आले आहेत आणि बहुतेक राजस्थानात उरले आहेत. उलट मोर वाढले. देशभरातल्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० व २०२३ मध्ये तयार झालेले अहवाल सांगतात की मोरांची संख्या चांगलीच वाढली आहे, आणि केरळात जिथे ते पूर्वी फारसे दिसत नसत तिथेही पसरले आहेत. एकाच कायद्याखालच्या दोन पक्ष्यांच्या नशिबात एवढा फरक का पडावा?

माळढोकासाठी प्रयत्न झाले नाहीत असे नाही. महाराष्ट्रात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले, नान्नज हे त्याचे केंद्र. त्याचा विस्तार कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात शेकडो गावे, शेते, तालुक्याची ठिकाणेसुद्धा आली. साध्या कामालाही परवानगीची कटकट मागे लागली, लोक वैतागले आणि पुढे ते अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. आपल्या मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करैरा इथे १९८१ मध्ये असेच अभयारण्य झाले. तिथे तर लोकांच्या स्वतःच्या जमिनींच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली. मुलीच्या लग्नासाठी, आजारपणासाठी शेत विकता येईना. जो पक्षी गावात मानाने राहत होता तो गावाला शत्रू वाटू लागला. नव्वदच्या दशकात करैऱ्याचे माळढोक दिसेनासे झाले. पुढे अभयारण्यही रद्द झाले.

दुसरे कारण आमच्या मते आणखी खोल आहे. मोराला जगायला बांध पुरतो, गावाजवळची चिंच किंवा वड पुरतो. दाणे, किडे, सरडे, सापाची पिल्ले, जे मिळेल ते तो खातो. माणसाच्या शेतीबरोबर तो वाढला. माळढोकाला हवा उघडा गवताळ माळ. आणि त्या माळाला सरकारी कागदात काय म्हणतात? पडीक. आपल्या इकडे बंजर. पडीक म्हटले की ते काहीतरी करून वापरात आणायचे, हे ओघानेच आले. कुणी नांगरले, कुणी सरकारी झाडे लावली, कुणी कारखाना काढला, कुणी विजेचे खांब रोवले. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो आणि मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या प्रदेशातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता, पण तो सर्वत्र अमलात आणणे अवघड असल्याचे सांगितले गेल्यावर २०२४ मध्ये न्यायालयाने त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. आता जैसलमेर जिल्ह्यात त्याची अंडी यंत्रात उबवून पिल्ले वाढवली जात आहेत. ज्याला आपण राष्ट्रीय पक्षी करणार होतो, त्याची वंशवेल आज उबवणी यंत्रावर टिकून आहे.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्या अंगणाजवळ येऊ. माळढोकाचा एक धाकटा भाऊबंद आपल्या माळव्यात येतो. इकडे त्याला खरमोर म्हणतात आणि मराठीत तणमोर, म्हणजे तणातला, गवतातला मोर. पावसाळ्यात, साधारण गणपतीच्या सुमारास, हा काळापांढरा नर गवतातून उंच उडी मारतो, पुन्हा खाली बसतो, पुन्हा उडी मारतो. मादीला बोलावण्याची ही त्याची रीत, आणि दिवसातून अशा शेकडो उड्या होतात. सालिम अली यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना इथे आणि धार जिल्ह्यात सरदारपूर इथे त्याच्यासाठी अभयारण्ये झाली. सरदारपूरलाही गावांच्या जमिनीवर बंधने आली आणि करैऱ्यासारखीच कुरबूर सुरू झाली. सैलान्यात मात्र वनखात्याने एक शहाणपण केले. ज्याच्या शेतात खरमोर उतरेल आणि जो त्याची खबर देऊन त्याला राखेल, त्या शेतकऱ्याला बक्षीस द्यायचे. पक्षी आला की शेतकऱ्याला आनंद वाटावा, अशी ती योजना. तरीही गवताच्या बीडा नांगरल्या गेल्या, सोयाबीन आले आणि खरमोर वर्षागणिक कमी होत गेले.

आणि अगदी दारात म्हणजे यशवंतसागर. इंदूर आणि देपालपूर यांच्या दरम्यान, हातोदजवळ, गंभीर नदीवर बांधलेला हा तलाव दुसऱ्या यशवंतराव होळकर महाराजांच्या काळातला. इंदूरला पाणी मिळावे म्हणून तो १९३० नंतरच्या दशकात बांधला. आजही इंदूरच्या नळांना त्याचे पाणी जाते. २०२२ मध्ये सिरपूर तलावाबरोबर यशवंतसागरचीही नोंद रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाली. हिवाळ्यात तिथे दूरदेशचे पक्षी येतात. आणि त्या नोंदीत आवर्जून म्हटले आहे की मध्य भारतात सारस पक्ष्याचा हा एक बळकट आसरा आहे.

सारस म्हणजे तोच, १९६० च्या दशकात मोराबरोबर ज्याचे नाव पुढे आले होते. सहा फुटांपर्यंत उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. जोडीने राहतो, जोडीने ओरडतो. वाल्मीकींच्या क्रौंचाची गोष्ट सांगताना अनेक अभ्यासक तो क्रौंच म्हणजे सारसच असावा असे म्हणतात. उत्तर प्रदेशाने त्याला राज्यपक्षी केले आहे. आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी दूधराज, महाराष्ट्राचा हरियाल. या आपल्या दारातल्या सारसाला इथे ना राष्ट्राचा मान ना राज्याचा. त्याला आधार आहे तो एवढाच की तलावाकाठच्या शेतकऱ्याने भरलेल्या शेतातले त्याचे घरटे मोडू नये आणि तलावाच्या कडेचा उथळ, लव्हाळ्याचा भाग कुणी भरून प्लॉट पाडू नयेत.

मोर तरी निर्धास्त आहे का? तेही पूर्ण खरे नाही. शेतीचे नुकसान करतो म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रारी वाढल्या आहेत. २०१६ मध्ये गोव्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी प्राण्यांत धरण्याचा विचार बोलून दाखवला होता. देशभर त्यावर चर्चा झाली. त्या शेतकऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. ज्याच्या हरभऱ्याच्या वावरात वीस मोर उतरतात त्याला राष्ट्रीय पक्ष्याचे कौतुक किती दिवस पुरणार? पण याहून मोठा धोका गरुडाच्या गोष्टीतलाच आहे. पेरणीच्या बियाण्याला लावलेले विषारी औषध मोराच्या पोटात जाते आणि वावरात मोर मरून पडल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी वाचायला मिळतात. त्यात शेतकऱ्याचा हेतू वाईट नसतो. बियाणे उघडे सांडलेले राहते आणि मोर ते टिपतो, एवढेच. पेरणी झाली की बांधावर सांडलेले दाणे मातीआड करणे, औषधाची रिकामी पाकिटे विहिरीजवळ न टाकणे, एवढ्याने कितीतरी मोर वाचतील. हे काम दिल्लीच्या कायद्याने होणार नाही, आपल्याच वावरात होईल.

आमच्यापैकी अनेकांची शेती आज बटाईने दिलेली आहे. मुले इंदूरला, पुण्याला, परदेशात आहेत. पण सातबाऱ्यावर म्हणा, इकडच्या खसऱ्यावर म्हणा, नाव आपले आहे. बटाईदाराशी दरवर्षी हिशोबाला बसताना दोन शब्द बियाण्याबद्दल, बांधावरच्या झाडांबद्दल बोलायला काय हरकत आहे? बांधावरची जुनी चिंच तोडण्याआधी एकदा विचार करायला काय हरकत आहे? पुणे जिल्ह्यात मोराची चिंचोली नावाचे गाव आहे. तिथे चिंचा आहेत म्हणून मोर आहेत, आणि मोर आहेत म्हणून आता लोक गाव बघायला येतात.

तसेच आपल्या उत्सवाचे. मूर्ती शाडूची असावी, निर्माल्य पाण्यात न जाता खतात जावे, हे मंडळात गेली काही वर्षे आपण बोलतोच. यशवंतसागराच्या गोष्टीनंतर त्यामागचे कारण जवळचे वाटावे. आपण पाण्यात जे सोडतो ते कुणाच्या तरी पिण्यात आणि कुणाच्या तरी घरट्यात जाते.

महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षिसप्ताह ठरवला आहे. पाच तारीख ही अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, बारा तारीख सालिम अलींचा. चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, माळढोकाच्या जिल्ह्यातले. त्यांनी मराठीला पक्ष्यांची नावे परत मिळवून दिली, त्यांचा पक्षिकोश आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात असायलाच हवा. त्या आठवड्यात एखाद्या रविवारी सकाळी मंडळाच्या मुलांना घेऊन यशवंतसागरला जावे, अशी आमची सूचना आहे. सारसाची जोडी दिसली तर उत्तम, नाही दिसली तर निदान जागा पाहून होईल.

नातवाला आम्ही अखेर उत्तर दिले. म्हटले, बाळा, आपल्या मोराचा तसा कायदा झालेला नाही. सरकारने त्याला १९६३ साली राष्ट्रीय पक्षी म्हटले, आणि मारू नये असा कायदा १९७२ साली केला. पण त्याला राखले ते इथल्या शेतकऱ्यांनी, कुणी न सांगता. त्यावर तो म्हणाला, "मग माळढोकाला का नाही राखलं?" या प्रश्नाचे उत्तर वर आम्ही द्यायचा प्रयत्न केला आहे. माळढोकाचा माळ आपल्याला रिकामा दिसला. मोराची जागा आपल्या मनात होती म्हणून बांधावरही राहिली. सारसाची जागा अजून आपल्या हातात आहे.

यंदा मखराला पुन्हा दोन मोर लावले आहेत. शेजारी नातवाने तिकडून काढून पाठवलेले सारसाच्या जोडीचे चित्रही चिकटवले आहे. बाप्पाला चालेल, असे वाटते. मयूरेश्वराच्या दरबारात एका पाहुण्याला जागा नक्की मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!